पाणी तयार होईपर्यंत

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्याने आज जेवताना सांगितलं की तो लग्न करतो आहे. अशी बातमी घरी येऊन मी ज्याला सांगितली असती असा माणूस एकच, आणि तो हाच. म्हणून लिहायला बसले. कॉलेजात असताना दैनंदिनी लिहायचे. नंतर कधी गरज पडली नाही.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. पंचावन्नाला टेकला आहे. आई-वडील गेले तेव्हा तो शाळेत होता आणि मी नुकती हॉस्पिटलात नोकरीला लागले होते. तेव्हापासून आम्ही दोघं याच घरात. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. मी आता निवृत्त आहे.

तो म्हणाला, "ताई, मार्चअखेरीस मी रजिस्टर लग्न करतोय. मग तिच्याकडेच राहायला जाईन. तिचं घर दुकानाला जवळ आहे."

"कोणाकडे?"

"ती तलावावर पोहायला शिकवते. लहान मुलांना. मलाही तिनेच शिकवलं."

"तुला पोहता येतं?"

"दोन वर्षं झाली, ताई."

पाठीसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून संध्याकाळी बाहेर पडायचा. टॉवेल स्वतःचा स्वतः धुवायचा. मी त्याचं कौतुकही केलं होतं.

भाजी आणखी वाढू का, असं विचारलं. नको म्हणाला. भांडी नेहमीसारखी दोघांनी आवरली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

रडणं मला जमत नाही, आणि आदळआपट केली तर माणूस दोन दिवस आधीच जातो. मागे एक स्थळ आलं होतं, तेव्हा मी स्पष्ट सांगितलं होतं की त्या बाईला घर सांभाळायचं नाही, नुसतं मिरवायचं आहे. त्याने ऐकलं. तेव्हा तो तिशीत होता. आता ऐकणार नाही.

या घरात त्याला काय कमी पडलं, याचा मनाशी विचार केला. एकच गोष्ट आठवली. लहानपणी त्याने माशांच्या टाकीचा हट्ट धरला होता आणि मी नाही म्हटलं होतं. साठलेलं पाणी घरात ठेवायचं नाही हा माझा नियम. हॉस्पिटलचा निर्जंतुकीकरण विभाग मी सांभाळला. शस्त्रक्रियेची हत्यारं, कपडे, कात्र्या, सगळं माझ्या खोलीतून वाफ खाऊन पुढे जायचं. जंतूंशी माझं वैर त्या खोलीपुरतं कधीच नव्हतं. पण नियमापेक्षा माणूस मोठा, असं एकदा तरी वागून बघायला हरकत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

माशांच्या दुकानात गेले होते. दुकान अंधारं, सगळा उजेड टाक्यांमधूनच. टाकीवाला शर्टाच्या बाह्या सरसावून कोपरापर्यंत पाण्यात होता. तसाच माझ्याशी बोलत राहिला.

"पहिल्यांदाच ठेवताय ना? मग आधी जागा नक्की करा. एकदा पाणी भरलं की टाकी जागची हलत नाही."

"हलत नाही म्हणजे?"

"चार जण लागले तरी नाही. जोर लावलात तर काच तडकते. लोक घर बदलतात ना, तेव्हा टाकी कोणाला तरी देऊन टाकतात. नाहीतर टाकीपायी घरच बदलत नाहीत. असंही एक गिऱ्हाईक आहे माझं."

मी सर्वांत मोठी घेतली.

८ फेब्रुवारी, रविवार

टाकी त्याच्याच खोलीत ठेवून घेतली. कपाटाचं एक दार आता अर्धंच उघडतं. त्याची मोठी प्रवासाची बॅग त्याच दारामागे आहे, पण ती रोज कुठे लागते.

दुपारी बाहेरून आला तो दारातच थांबला.

"कोणासाठी?"

"घरासाठी."

"घराला मासे हवे होते?"

"तुला हवे होते."

"तेव्हा मी सहावीत होतो, ताई."

असं म्हणाला खरं, पण मग उकिडवा बसून त्याने काचेचे जोड बोटांनी चाचपून पाहिले. काच दिसली की याचा हात जातोच. थोड्या वेळाने बाथरूममधून बादलीत खडी धुतल्याचा आवाज यायला लागला. मी चहा टाकला. दोन कप.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटा गुंतला आहे. दुकान सुटलं की सरळ घरी येतो. टॉवेल दोरीवर कोरडाच असतो.

पाणी भरून झालं, पंप लागला, फिल्टर लागला, पण मासे नाहीत. म्हणे पाणी आधी तयार व्हावं लागतं. माशांच्या घाणीतून अमोनिया सुटतो आणि त्यानेच मासे मरतात. तो अमोनिया खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यावे लागतात, आणि त्याला महिना तरी जातो. तोवर मोकळ्या पाण्यात चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं आणि जंतूंना पोसायचं.

"म्हणजे आपण जंतू पाळतोय?"

"आधी जंतू. मग मासे."

"माझ्या घरात."

"तू यांच्या किती नातलगांना उकडलंस, ताई. आता थोडी भरपाई कर."

बऱ्याच दिवसांनी त्याने थट्टा केली.

पाणी तपासायची एक कुपी आहे. टाकीतलं पाणी घेऊन तिच्यात थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर नाही. आदल्या दिवशी खाणं टाकूनही दुसऱ्या दिवशी पिवळं राहिलं, म्हणजे पाणी तयार. सध्या गर्द हिरवं येतं. खोलीत कुबट वास आहे. मी सहन करते आहे.

४ मार्च, बुधवार

तो दुकानात गेल्यावर खोली झाडली. फिल्टर उघडून बघितला तर आतला स्पंज तपकिरी, बुळबुळीत, हाताला शेवाळ लागावं तसा. इतके दिवस या घाणीतून पाणी फिरवत होतो. नळाखाली चोळून धुतला, पण वास जाईना. मग कुकरला लावला. चांगली वाफ दिली. नव्यासारखा पांढरा होऊन निघाला. पुन्हा जागच्या जागी बसवला. त्याला नीटनेटकं काम आवडतं.

५ मार्च, गुरुवार

कुपी हिरवी. कालपर्यंत फिकट पिवळ्यावर आली होती म्हणे.

"ताई, स्पंजाला हात लावलास?"

"धुतला. कुकरला लावला."

"कुकरला."

"चार शिट्ट्या."

तो पलंगावर बसला आणि हसत सुटला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "सगळे गेले," म्हणाला.

"कोण गेले?"

"महिनाभराचे जंतू. एका कुकरात."

जंतू स्पंजात असतात हे त्याने सांगितलं होतं, कबूल आहे. पण स्पंज धुवायचा नाही असं कुठे सांगितलं होतं? घाण दिसली तर माणूस धुणारच.

नंतर त्याने तिला फोन केला. दार लोटलेलं होतं, लावलेलं नव्हतं. "पुन्हा पहिल्यापासून. नाही गं, असं अर्धवट टाकून कसा येऊ? रजिस्टर ठरल्या दिवशीच करू. सामान हलवायचं महिनाभराने बघू."

मला बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू.

१५ मार्च, रविवार

ती आली होती. मनात मी तिला मास्तरीण म्हणते. पन्नाशीची असेल. खांदे रुंद, केस आखूड, चालते ती ओल्या फरशीवरून चालल्यासारखी, पाय पूर्ण टेकवून. अंगाला तलावातल्या क्लोरीनचा वास. आमच्या विभागातही तोच वास असायचा. स्वच्छ वास. बाकी काही असो, तेवढं मला आवडलं.

"ताई, घर छान ठेवलंय."

"ताई तो म्हणतो. तुम्ही इतक्यात काही म्हणू नका."

"बरं. मग काही न म्हणताच चहा घेते."

धाकटा बिस्किटं आणायला खाली उतरला. बाई कप हातात घेऊन सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही मला पाण्यात बघताय हे कळतं मला. पण मी असतेच पाण्यात. मला त्याचं काही वाटत नाही."

हसू आलं होतं. आवरलं.

मी म्हटलं, "माशांचं एवढं वेड असेल त्याला, असं वाटलं नव्हतं मला. तुमचं घर थांबलं त्यापायी."

"यांना कुठलं वेड? आमच्याकडे चिमण्या आल्या तरी हाकलतात. हे सगळं तुमच्यासाठी चाललंय. एवढ्या हौसेने तुम्ही टाकी आणलीत, तर ती नीट चालू करून द्यायची, मासे रुळले की काय-किती खायला घालायचं ते तुम्हाला दाखवायचं, आणि मगच निघायचं, असं ठरवलंय त्यांनी. तेवढीच तुम्हाला सोबत."

"सोबत. माशांची."

"बोलत नाहीत. पण घरात हालचाल असते काहीतरी."

एवढ्यात धाकटा बिस्किटं घेऊन आला.

रोज संध्याकाळी तो त्या टाकीपाशी बसतो तो घरात राहण्यासाठी नाही. जाण्याची तयारी करत बसतो. आणि ती टाकी मी स्वतः दुकानात जाऊन आणली आहे.

२८ मार्च, शनिवार

रजिस्टर झालं. साक्षीदार म्हणून मी सही केली. सही नेहमीसारखीच आली.

कारकुनाने लग्नानंतरचा पत्ता विचारला. धाकट्याने तिचा सांगितला. अडखळला नाही.

बाहेर तिघं जेवलो. मग ती तिच्या घरी गेली आणि तो माझ्याबरोबर आला. रस्त्यात म्हणाला, "चार दिवस तिकडे, तीन दिवस इकडे. पाणी झालं की मग सगळंच तिकडे."

"मी काही विचारलं का?"

"नाही विचारलंस, ताई. मीच सांगतोय."

५ एप्रिल, रविवार

आज कुपी पिवळी. खाणं टाकूनही पिवळी. त्याने ती खिडकीत उजेडाला धरून मला दाखवली, दुकानात गिऱ्हाइकाला काच दाखवतो तशी.

"परवा पुन्हा एकदा बघतो. असंच आलं तर मासे आणू. तू ये बरोबर, तुला आवडतील ते घेऊ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला काय लागतं? पोहणारे घ्यायचे."

६ एप्रिल, सोमवार

मी आज काय केलं ते लिहिते.

तो गेल्यावर स्पंज काढला. तपकिरी होता, भरलेला होता. या वेळी घाण वाटली नाही. काय आहे ते ठाऊक होतं. कुकरला लावला. पांढरा झाला. पांढरा दिसला की त्याला कळणार, म्हणून कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून ठेवला, पिळला आणि बसवला. रंग अगदी जुळला.

स्वयंपाकघर पुसून घेतलं. हात दोनदा धुतले. सवयीने.

७ एप्रिल, मंगळवार

हिरवं. गर्द नाही, पण हिरवं.

त्याने स्पंज काढून हातात धरला. बराच वेळ धरला. नाकापाशी नेला. मी दारात कपडे घडी करत उभी होते.

"पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला.

"असं होतं का?"

"होतं कधी कधी."

मग तिच्याशी फोनवर बोलला. आज दार लावून घेतलं होतं. बाहेर आला आणि म्हणाला, "आता महिनाभर मी इकडेच आहे, ताई. सातही दिवस. ती म्हणाली, राहा."

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. बाईला फारसं काही वाटत नसावं, नाहीतर महिन्याभरासाठी कोण नवरा सोडतं. मी आधीच म्हणत होते.

२४ एप्रिल, शुक्रवार

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं असतं तेव्हा लिहायचं सुचत नाही असं दिसतं.

संध्याकाळी आम्ही पत्ते खेळतो. तो हरतो. बाल्कनीचं दार वर्षानुवर्षं अडायचं, ते त्याने घासून नीट केलं. माझा जुना चष्मा दुकानात नेऊन नव्या काचा बसवून आणल्या. रविवारी मास्तरीण येते, तीही पत्ते खेळते. ती मात्र हरत नाही, आणि कोणी मुद्दाम सोडलं तर पानं टेबलावर आपटते. मी तिला ताई म्हणू दिलं.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. "काय हो, नवरदेवाची पाठवणी कधी?"

"पाणी झालं की."

"कसलं पाणी?"

"टाकीचं."

"बरं आहे. आमच्या वेळी डोळ्यांचं लागायचं."

घरी येऊन त्याला सांगितलं, तर तो इतका हसला की पत्ते सांडले. असा महिना मला आठवत नाही. आणखी असे किती काढता येतील, याचा विचार करते आहे. जास्त मागत नाही. पावसाळाभर राहिला तरी पुरे. मग बघू.

९ मे, शनिवार

सकाळी त्याने कुपी तपासली. पिवळी. आज काही बोलला नाही. कुपी धुवून ठेवली आणि दुकानात गेला. जाताना माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, उद्या पुन्हा तपासेल. दोन दिवस बघितल्याशिवाय तो काही करत नाही.

कुकर जेवणासाठी लावलेला होता. थांबायला हवं होतं, पण मला काम रेंगाळलेलं आवडत नाही. ब्लीचिंग पावडरचं पाणी केलं, आमच्या विभागात करायचो तसं, आणि स्पंज त्यात बुडवला. नंतर नळाखाली धुतला. मग चहाचं पाणी.

संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर आला. हातात फुगलेली प्लास्टिकची पिशवी. आत बारा मासे. झेब्रा म्हणतात त्यांना. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे.

"तुला सांगितलं नाही मुद्दाम," तो म्हणाला. "म्हटलं, एकदम दाखवू."

मासे लगेच सोडत नाहीत. पिशवी तशीच बंद टाकीत तरंगत ठेवतात, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं गरम-गार होईपर्यंत. तो टाकीसमोर स्टूल ओढून बसला. मी मागे उभी राहिले.

"तो पुढचा बघ, ताई. सारखा बाकीच्यांना रांगेत लावतोय. तो तुझा."

पिशवी तरंगत होती तोवर मला बोलायला वेळ होता. "सोडू नकोस," एवढंच म्हणायचं होतं. पिशवी उचलून दुकानात परत नेता आली असती. मी स्पंज चांगला धुतला होता. खडीतही थोडे जंतू असतात, असं तोच एकदा म्हणाला होता. काही होणारही नाही कदाचित, असं मला वाटलं. खरंच वाटलं, की वाटून घेतलं, ते आता सांगता येणार नाही.

मी म्हणाले, "जेवण वाढू का?"

"थांब, सोडतो आणि येतो."

त्याने पिशवीची गाठ सोडली.

१० मे, रविवार

सकाळपासून मासे पाण्याच्या वरच्या थराला आले आहेत. तोंडं उघडतात, मिटतात. धाकटा म्हणतो, नव्या जागेत असं करत असतील. दुपारी कुपी तपासली. हिरवी.

११ मे, सोमवार

त्याने दुकानात सुट्टी सांगितली. सकाळपासून आम्ही पाणी बदलतो आहोत. बादलीने उपसायचं, आदल्या दिवशीचं साठवलेलं शिळं पाणी घालायचं, कारण नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन माशांना चालत नाही. शिळं पाणी संपलं तेव्हा त्याने खालच्या दोन घरांतून पिंपातलं मागून आणलं. बादल्या मीही उचलल्या. माझ्या वयाला जेवढं उचलायचं त्याहून जास्त उचललं. तो दोनदा म्हणाला, "ताई, तू बस." मी बसले नाही.

पाच मेले. कल्ले लाल झाले होते.

मास्तरीण दुपारी शिकवणी संपवून आली. बाह्या वर करून टाकीत हात घातला आणि फिल्टरमधून स्पंज काढला. पिळला, वास घेतला आणि थांबली. तो वास तिला कोणी शिकवायला नको. रोज त्यातच असते. तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. तिने स्पंज बादलीत टाकला आणि त्याला म्हणाली, "टाकीवाल्याकडे जा. त्याच्या टाकीतलं पाणी आण दोन डबे, आणि त्याच्या फिल्टरचा एखादा जुना तुकडा देतो का बघ. जे उरलेत त्यांना बाहेर काढू."

तो गेला. आम्ही दोघी राहिलो.

"सांगणार का त्याला?" मी विचारलं.

"मी कशाला सांगू? मागच्या वेळचं त्यांनीच मला सांगितलं होतं."

१२ मे, मंगळवार

तीन उरले. मोठ्या टबात टाकीवाल्याचं पाणी आणि त्याच्याकडचा जुना स्पंज घालून त्यांना ठेवलं आहे. रांगेत लावणारा त्यांत नाही.

दुपारी तो माझ्यासमोर येऊन बसला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता.

"ताई, स्पंजाला चहाचा वास येत होता. एप्रिलमध्ये."

मी समोरचं टेबल पुसायला घेतलं.

"पहिल्यांदा तुला ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांदा होतं. तेव्हा मी तिला सांगितलं. म्हटलं, ताईला एकदम तोडून नको निघायला. महिनाभर पूर्ण राहतो, मनासारखं होऊ दे तिच्या. ती म्हणाली, राहा."

"मला वाटलं, तुला कळलं नाही."

"मला वाटलं, तुला पुरेल तेवढं."

मी म्हटलं, "मासे आणणार आहेस हे सांगितलं असतंस तर मी धुतला नसता."

"मासे सोडताना तू मागेच उभी होतीस, ताई."

"तुला सांगायला काय झालं होतं सकाळी?"

तो उठला. टबापाशी जाऊन बसला.

मला अजूनही वाटतं की सकाळी सांगायला हवं होतं त्याने. मला दचकवायची त्याला काय गरज होती? पण हे मी त्याला पुन्हा म्हणणार नाही.

१४ मे, गुरुवार

टाकी रिकामी करतो आहे. नळीने पाणी ओढून मोरीत सोडतो. पाण्याचा आवाज दिवसभर चालू आहे. जेवायला बोलावलं की येतो, विचारलं तेवढं बोलतो. मीठ कमी होतं, तेही म्हणाला नाही.

रविवारी जातो आहे. मी विचारलं, "मासे?"

"तिकडे छोटी टाकी लावली आहे."

"मी सांभाळले असते."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, हो म्हणतो आहे. तो म्हणाला, "नको, ताई."

१७ मे, रविवार

मास्तरीण गाडीवाल्याला घेऊन आली. तिने मला ताई म्हटलं, नेहमीच्याच आवाजात. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

आज माझ्या हातून गेलं ते असं. मोठी बॅग, त्याच्या कपड्यांची. टाकी थोडी सरकवल्यावर कपाटाचं दार पूर्ण उघडलं आणि बॅग निघाली. हिवाळ्याचे कपडे वेगळ्या गाठोड्यात, इस्त्री केलेले. काचा घासायची त्याची हत्यारं, तेल लावून. पाठीचं दुखणं असतं तेव्हाची गरम पाण्याची पिशवी. चार टॉवेल. त्याची उशी, कारण दुसरी चालत नाही. आईचा फोटो, तो नको म्हणत असताना. पत्त्यांचा जोड.

हे सगळं त्याने जसं दिलं तसं घेतलं. उघडून बघितलं नाही.

मोठी टाकी राहिली आहे. "असू दे," म्हणाला, "कोणाला हवी असली तर देऊन टाक."

सगळ्यात शेवटी तीन मासे, झाकणाच्या डब्यात. आणि टबात त्यांच्याबरोबर असलेला स्पंज. तो मी टबातल्याच पाण्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिला. हात लावला नव्हता. तपकिरी होता, बुळबुळीत होता.

धाकट्याने पिशवी उघडली, स्पंज बाहेर काढला, नाकापाशी धरून वास घेतला, आणि मग पिशवीत ठेवला.